‘तीन महिने कशाला थांबायचं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुरुषांच्या वंध्यत्वावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुम्ही चिडून लिहिलं आहे, पण ते चिडणं घरच्या माणसाच्या काळजीपोटी आहे हे स्पष्ट दिसतं. म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ‘उपचार किंवा सवयीतला बदल सुरू केल्यावर पुढची तपासणी साधारण तीन महिन्यांनी करा’ हा सल्ला तुम्हाला वेळकाढूपणा वाटतो. वीर्य रोज तयार होतं, मग तीन महिने कशाला, असा तुमचा सवाल आहे. तुमच्या भावाने महिनाभर पूरक गोळ्या घेतल्या आणि त्याचा काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, मिलीलिटरमागे ८० लाखांवरून २.१ कोटींवर गेला, हा तुमचा पुरावा. आता रिपोर्ट नॉर्मल आहे, तर त्याच्या मागे लागू नका, असं तुम्ही म्हणता. आणि शेवटी लिहिता, की त्याला थकवा जाणवतो, टेस्टोस्टेरॉन थोडं कमी आलं आहे, तर त्याचं इंजेक्शन घेतलं की दोन्ही प्रश्न सुटतील. हे शेवटचं वाक्य वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यावर सविस्तर लिहिते, पण ते पटण्यासाठी आधी शुक्राणू कसा घडतो ते सांगावं लागेल.

वीर्य रोज तयार होतं, हे बरोबर. पण वीर्यात शुक्राणूंचा वाटा आकारमानाने जेमतेम काही टक्के असतो. बाकीचा बहुतेक द्राव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो आणि तो लवकर भरून निघतो. शुक्राणूंचं उत्पादनही थांबत नाही. निरोगी पुरुषात दर सेकंदाला हजाराच्या घरात तयार होतात. मात्र आज बाहेर पडलेल्या प्रत्येक शुक्राणूची घडण दोन-अडीच महिन्यांपूर्वी सुरू झालेली असते. तुमच्या भावाच्या हातातला रिपोर्ट आजचा असला, तरी तो त्याच्या शरीराचा मागचाच काळ सांगतो.

वृषणात केसासारख्या बारीक नलिकांची गुंतवळ असते, एकत्र लांबी काहीशे मीटर. नलिकेच्या भिंतीलगत मूलपेशी असतात. त्यांच्यातल्या काही विभागून स्वतःसारख्याच पेशी मागे ठेवतात, तर काही शुक्राणू होण्याच्या वाटेला लागतात. ही वाट जाते सर्टोली पेशींच्या कुशीतून. एन्रिको सर्टोली या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली त्यांचं वर्णन केलं. भिंतीपासून नलिकेच्या पोकळीपर्यंत उभ्या असलेल्या या उंच पेशी वाढत्या जननपेशींना पोसतात, आधार देतात, टाकाऊ भाग गिळून टाकतात. शेजारशेजारच्या सर्टोली पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की रक्तातले बरेच पदार्थ आणि रोगप्रतिकारक पेशी आत शिरू शकत नाहीत. याची गरज आहे, कारण शरीराची प्रतिकारशक्ती ‘आपलं कोण’ हे लहानपणीच शिकते आणि शुक्राणू वयात आल्यावर प्रथम तयार होतात. अडसर नसता तर त्यांच्यावर परके समजून हल्ला झाला असता. वाढणारी पेशी या अडसरातून पलीकडे जाते तेव्हा तिच्या मागे नवा जोड तयार होतो आणि मगच पुढचा सुटतो. कितीही वर्षं हा विषय वाचत असले, तरी इथे आले की मी थबकते.

यातली एक गोष्ट तुमच्या गोळ्यांशी थेट संबंधित आहे. एक सर्टोली पेशी ठरावीक संख्येच्याच जननपेशी सांभाळू शकते आणि सर्टोली पेशींची संख्या वयात येईपर्यंत जवळपास निश्चित झालेली असते. म्हणजे प्रत्येक पुरुषाच्या उत्पादनाला वरची मर्यादा आहे. अडथळा दूर केला तर त्या मर्यादेच्या जवळ जाता येतं, पण ती मर्यादा कोणतीही गोळी वाढवत नाही.

मग येतं अर्धसूत्री विभाजन. ४६ गुणसूत्रांची २३ होतात आणि त्याआधी आईकडून व वडिलांकडून आलेली गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात. या एका टप्प्यालाच तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. एका पेशीच्या चार गोल पेशी होतात, त्यांना ना शेपूट ना डोकं. पुढे पुन्हा तितकाच काळ विभाजन न होता नुसतं रूपांतर चालतं. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती बहुतेक काढून प्रोटामिन नावाची दुसरी प्रथिनं बसवली जातात आणि केंद्रक अतिशय घट्ट होतं. टोकावर बीजांडाचं आवरण भेदणाऱ्या विकरांची टोपी येते, शेपूट फुटतं, शेपटाच्या सुरुवातीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया वेटोळं घालून बसतात, जास्तीचा पेशीद्रव झडतो. या घट्ट बांधणीनंतर डीएनएची दुरुस्ती करण्याची क्षमता जवळजवळ संपते. ताप, तंबाखूचा धूर, वृषणाला सतत लागणारी उष्णता यांनी या काळात केलेली इजा शुक्राणू पुढे तशीच घेऊन जातो.

एवढं होऊनही तो पोहू शकत नाही. ती क्षमता येते अधिवृषणात, सुमारे सहा मीटर लांबीच्या एका वेटोळ्या नळीत. तिथून पुढे सरकायला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो.

हा हिशेब अंदाजाने केलेला नाही. १९६३ साली कार्ल हेलर आणि इव्ह क्लेरमाँ यांनी किरणोत्सारी खूण लावलेला थायमिडीन हा डीएनएचा घटक वापरून माणसाच्या वृषणातल्या पेशींचा माग काढला. नलिकेत पेशींच्या टप्प्यांचं एक आवर्तन १६ दिवसांचं निघालं आणि शुक्राणू घडायला अशी चार किंवा थोडी अधिक आवर्तनं लागतात. म्हणून पुस्तकांत ६४ ते ७४ दिवस असा आकडा दिसतो. त्यात अधिवृषणातला प्रवास मिळवला की अडीच-तीन महिने होतात. बरं, हा वेग बाहेरून वाढवता येतो का? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदराच्या वृषणात त्याहून मोठ्या जातीच्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, मूलपेशी सोडल्या होत्या. उंदराचं आवर्तन साडेआठ दिवसांच्या आसपास, रॅटचं जवळपास तेरा दिवसांचं. उंदराच्या वृषणात, उंदराच्याच रक्तावर वाढूनही रॅटच्या पेशींनी आपली तेरा दिवसांची चाल सोडली नाही. वेळापत्रक जननपेशीच्या आतच असतं. औषधाने शुक्राणू जास्त संख्येने टिकू शकतात. ते लवकर तयार होत नाहीत.

आता तुमच्या भावाचा वाढलेला काउंट. त्या दुसऱ्या नमुन्यातले शुक्राणू गोळ्या सुरू होण्याच्या आधीच घडू लागले होते. त्यांचं श्रेय महिन्याभराच्या गोळ्यांना देणं म्हणजे कापणीच्या आठवड्यात टाकलेल्या खतामुळे दाणा भरला असं म्हणणं. महिन्याभरात काहीच बदलू शकत नाही असं मी म्हणत नाही. जंतुसंसर्ग बरा झाला, तर हालचाल सुधारू शकते. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. एकाच निरोगी पुरुषाच्या दोन नमुन्यांत काही पटींचा फरक कोणत्याही उपचाराविना पडतो. नमुन्याआधी वीर्यस्खलन टाळण्याचा संयम पहिल्या वेळी दोन दिवसांचा आणि दुसऱ्या वेळी सहा दिवसांचा, एवढ्यानेही आकडा बराच हलतो. शिवाय पहिला आकडा खूप कमी आला की दुसरा बहुधा सरासरीकडे झुकलेला येतोच. त्या पहिल्या नमुन्याच्या दीड-दोन महिने आधी त्याला सणसणून ताप आला होता का, हे मी आधी विचारलं असतं. ताप उतरून माणूस ठणठणीत होतो आणि काही आठवड्यांनी रिपोर्ट खाली येतो. हे मी अनेक रिपोर्टांत पाहिलं आहे.

गोळ्यांची खरी परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज फॉलिक ॲसिड आणि झिंक दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. बाळ जन्मण्याचं प्रमाण ३४ आणि ३५ टक्के निघालं, म्हणजे फरक नाही. काउंट आणि हालचालीतही फरक नव्हता. उलट गोळी घेणाऱ्यांच्या शुक्राणूंमध्ये डीएनए तुटण्याचं प्रमाण किंचित जास्त आढळलं.

‘नॉर्मल’बद्दल एवढंच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतली १.६ कोटी प्रति मिलीलिटर ही मर्यादा, ज्यांच्या जोडीदाराला वर्षभराच्या आत गर्भ राहिला अशा पुरुषांच्या मोजमापांवरून काढली आहे. अशा शंभर पुरुषांपैकी पाच जण या आकड्याच्या खालीच असतात. म्हणजे खाली असलेलेही बाप होतात. आणि वर असणं ही हमी नाही, कारण डीएनए शाबूत आहे का, शुक्राणू बीजांडात शिरू शकेल का, हे साध्या मोजणीत दिसत नाही. तुमच्या भावाला दोषी ठरवायला मी सांगत नाही. त्याची शारीरिक तपासणी व्हावी एवढंच म्हणते. वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्या आहेत का, हे वीर्याच्या रिपोर्टवरून कळत नाही, हाताने तपासावं लागतं. वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांत हे बरंच आढळतं आणि काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

वेळेबद्दलची तुमची कळकळ मला मान्य आहे. तीन महिने म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. या काळात वहिनींच्या तपासण्या पूर्ण करता येतात आणि त्या पस्तिशीच्या पुढे असतील तर तज्ज्ञांकडे जायला अजिबात उशीर करू नका. नमुन्यात शुक्राणू एकही नसेल, तर तिथे तीन महिन्यांचा प्रश्नच येत नाही, लगेच कारण शोधायचं असतं.

आता इंजेक्शन. वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात आणि नलिकांभोवती त्याची पातळी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. शुक्राणू घडायला तीच पातळी लागते. बाहेरून इंजेक्शन दिलं की रक्तातलं प्रमाण वाढतं, मेंदूला वाटतं पुरेसं आहे, आणि मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच व एफएसएच ही वृषणाला चालना देणारी संप्रेरकं सोडणं जवळजवळ थांबवते. एलएच नाही, म्हणून लायडिग पेशी थंडावतात. रक्तात भरपूर टेस्टोस्टेरॉन असताना वृषणाच्या आत ते आटतं. हा परिणाम इतका भरवशाचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं आणि २७१ पैकी १५७ जणांच्या वीर्यातले शुक्राणू सहा महिन्यांच्या आत शून्यावर आले.

मूल हवं असलेल्या माणसाला हेच इंजेक्शन टोचणं किती उलटं आहे, हे आता तुमच्या लक्षात येईल. त्याचा थकवा खोटा नाही, त्यावर उपाय हवाच. पण मूल हवं असताना टेस्टोस्टेरॉन वाढवायचं असेल, तर डॉक्टर एचसीजी किंवा क्लोमिफेनसारखी औषधं वापरतात. ती वृषणालाच काम करायला लावतात. जिममध्ये मिळणाऱ्या, नाव नसलेल्या बाटल्यांनाही वरचं सगळं लागू होतं, आणि तपासणीच्या वेळी त्यांचा उल्लेख पुरुष बहुतेकदा टाळतात.

म्हणून आजच भावाला विचारा. अजून सुरू केलं नसेल, तर मूल हवं आहे हे डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगायला सांगा. सुरू केलं असेल, तर मनाने बंद करून गप्प बसू नये. पहिला डोस कधी घेतला, शेवटचा कधी, किती, हे सगळं पुरुष-वंध्यत्व पाहणाऱ्या डॉक्टरांसमोर ठेवावं. बहुतेकांचं उत्पादन पुन्हा सुरू होतं, पण त्याला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त, म्हणून जितकं लवकर कळेल तितकं चांगलं. आणि पुढचा नमुना देताना पहिल्या वेळी जितक्या दिवसांचा संयम होता तितकाच ठेवा, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करता येईल.