गळती दाखवल्याशिवाय एसीत गॅस भरू देऊ नका

आज सकाळी आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नव्या बिऱ्हाडाने विचारलं, "एसी थंड करत नाहीये, घरात लहान बाळ आहे, कोणी चांगला माणूस सुचवाल का?" लगेच उत्तरांची रांग लागली. "गॅस संपला असेल." "दरवर्षी भरावाच लागतो." "आमचा माणूस पाठवते, तीन हजारांत भरून देतो." गॅस गेला कुठे, हे एकानेही विचारलं नाही. तेव्हापासून डोकं तापलंय.

अहो, एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही. कॉम्प्रेसर, आऊटडोरची कॉइल, तांब्याचे पाईप, इनडोरची कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, या बंद चक्रात तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रीजही असाच चालतो. त्यात दर मे महिन्यात गॅस भरायला कोणी येतं का?

माझ्या ऐरोलीच्या मावशीकडे मात्र दर उन्हाळ्यात माणूस यायचा. काकांना अर्धांगवायू झाल्यापासून ते आतल्या खोलीत पलंगावरच असायचे. घामाने पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तो एसी घेतला होता. मार्च उजाडला की खोली थंड होईना. मग फोन, मग पाठीवर सॅक लावलेला मुलगा, आऊटडोरला दाब मोजायचं गेज, "आजी, गॅस एकदम लो होता", सिलिंडर, पैसे, सही. पावसाळ्यापर्यंत निभायचं, थंडीत मशीन बंद, पुढच्या मार्चला पुन्हा तेच. मावशी पेन्शनमधून पैसे काढून एका पाकिटात ठेवायची आणि त्यावर 'एसीचा गॅस' असं लिहायची. ते पाकीट आठवलं की अजून जीव जळतो.

गळतीची सगळी लक्षणं त्या घरात होती. रिमोट १८ वर, तरी खोली जेमतेम गार आणि कॉम्प्रेसर काही बंद व्हायचं नाव घेईना. इनडोरचं झाकण उचललं की कॉइलच्या एका बाजूला बर्फ आणि बाकीची कोरडी. मशीन बंद केलं की तोच बर्फ वितळून भिंतीवरून पाण्याचा ओघळ. त्यावर "ड्रेन पाईप चोक झालाय" असं सांगून वेगळे पैसे घेतले गेले. बाहेर आऊटडोरला दोन पाईप जोडलेले असतात, एक बारीक आणि एक जाड. नीट चालणाऱ्या मशीनचा जाड पाईप हाताला थंड लागतो, त्याला घाम सुटतो. मावशीकडे जाड पाईप कोरडा आणि बारीक पाईपच्या तोंडाशी पांढरा बर्फ. तिथल्याच जोडाच्या नटाखाली तेलकट काळा डाग, वर धूळ चिकटलेली. कॉम्प्रेसरचं थोडं तेल गॅसबरोबर फिरत असतं, त्यामुळे गॅस निसटतो तिथे तेलही पाझरतं. दरवर्षी गेज त्या डागापासून चार बोटांवर लावलं जात होतं. तो डाग दिसला नसेल यावर माझा विश्वास नाही.

आणि वासाची वाट बघू नका. स्वयंपाकाच्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो, कळावं म्हणून. एसीच्या गॅसला तसा नसतो. गळती मोठी असेल तर फार तर फुसफुस ऐकू येईल. बारीक गळती महिनोन्महिने चालते, आधी दिसतं ते विजेचं बिल.

ठीक आहे, दर वेळी गळतीच असते असं नाही. फिल्टर धुळीने भरला तरी कॉइलवर बर्फ धरतो, कॉम्प्रेसर सुरू करून देणारा कपॅसिटर गेला तरी थंड होत नाही, आणि मशीन बसवतानाच गॅस कमी पडला असंही होतं. म्हणून फिल्टर आधी स्वतः धुवा. पण दरवर्षी गॅस कमी पडणाऱ्या मशीनला यातलं एकही कारण लागू नाही.

शेवटी माझ्या दिरांच्या ओळखीचे कळव्याचे एक वयस्क मेकॅनिक मावशीकडे आले. त्यांनी आल्या आल्या काय मागितलं? वाटीभर पाण्यात भांड्यांचं लिक्विड आणि एक स्पंज. नटावर फेस लावला आणि मावशीला खिडकीशी बोलावलं. "ताई, हे बघा." बुडबुडे येत होते, एकामागून एक. पाईपचं पसरट केलेलं तोंड, ज्याला ते फ्लेअर म्हणतात, चिरलेलं होतं. त्यांनी तेवढा तुकडा कापला, नवी फ्लेअर काढली, नायट्रोजन भरून दाब टिकतोय का बघितलं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढली. मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, आऊटडोरच्या पट्टीवर छापलाय तेवढाच गॅस सोडला. काका असेपर्यंत त्या एसीला पुन्हा गॅस लागला नाही.

हे लिहिताना तो सॅकवाला मुलगाही डोळ्यांसमोर येतोय. सातव्या मजल्यावर, कमरेला पट्टा नाही, एक पाय ग्रिलच्या बाहेर. नायट्रोजनचा अवजड सिलिंडर तो बाइकवरून आणणार कसा? गळती शोधायला दोन तास घालवले तर त्याचे पुढचे कॉल बुडतात. शिकवणाऱ्यांनीच त्याला फक्त भरायला शिकवलं असेल तर त्याच्यावर किती चिडायचं? राग आहे तो त्याला असं पाठवणाऱ्यांवर.

खाडीकाठच्यांनी तर जास्तच जागं राहायला हवं. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, इकडे कळवा, कोपरी. खारट दमट हवा आणि नाल्यांतून येणारा तो सडका वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, दोन्ही तांबं खातात. कॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. तेव्हा नट आवळून भागत नाही, कॉइल बदलावी लागते आणि ती महाग पडते, हे मान्य. पण महाग आहे म्हणून दरवर्षी हवेत गॅस सोडायचा?

हवेत, हो. बऱ्याच नव्या मशीनमध्ये आर-३२ असतो. त्याचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. त्याआधीच्या आर-४१०ए चा आकडा २०८८. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो, सहजासहजी नाही, पण घेतो. म्हणून गळतीचा संशय आला तर मशीन बंद करा, खिडक्या उघडा, आणि कोणी जोडाजवळ लायटर धरून तपासायला लागला तर त्याला तिथेच थांबवा.

आता आमच्या इमारतीचं. इथे सगळे आऊटडोर डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या अरुंद उभ्या पोकळीत लटकवलेत. उभं राहायला जागा नाही, नटापर्यंत हात पोचत नाही. फेस लावून गळती शोधणार कोण आणि कशी? बिल्डरने दर्शनी भाग सुंदर दिसावा म्हणून हे केलं आणि आपण चटई क्षेत्र मोजत बसलो. डक्टमध्ये माणूस पट्टा अडकवून सुरक्षित उभा राहील असा लोखंडी प्लॅटफॉर्म हवा, प्रत्येक मजल्यावर. येत्या सर्वसाधारण सभेसाठी हा विषय मी आज रात्रीच सेक्रेटरींना लेखी देतेय. आमच्या सोसायटीतले जे हे वाचताय, त्या पत्राखाली सही करायला माझ्या घरी या. मी साडेआठनंतर घरीच आहे.