खाण बेवारस कशी करावी

खाण चालवणं कुणालाही जमतं. माल निघतो, ट्रक भरतात, पैसे येतात. खरं कसब लागतं ते खाण सोडून जाताना. ज्यांना ही विद्या मुळातून शिकायची असेल त्यांनी थेट मेघालयातल्या जयंतिया टेकड्या गाठाव्यात.

तिथली जमीन सरकारची नाही, लोकांची आणि कुळांची. त्यामुळे खाली कोळसा लागला की तो आपलाच. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हा हक्क मान्य केला, फक्त खाणीसाठी कायद्याप्रमाणे रीतसर पट्टा घ्या म्हणाले. ते 'फक्त' तुम्ही फार मनावर घेऊ नका. कोळसा निघतोय तोवर छाती काढून मालक म्हणून मिरवा. चौकोनी खड्डा खणा, शंभर-दीडशे फूट खोल. कडेला लाकडी शिड्या, वर क्रेन. तळाशी कोळशाचा थर लागला की दोन-तीन फूट उंचीची आडवी बिळं काढा. या बिळांमुळेच या खाणींना रॅट-होल म्हणतात. आत तुम्ही जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. आसाम, नेपाळ, बांगलादेशातून माणसं येतात, ती एका हातात कुदळ घेऊन रांगत जातात.

कोळसा संपला की क्रेन उचला आणि चालू लागा. खड्डा अजिबात बुजवू नका. एक तर खर्च, आणि दुसरं म्हणजे पुढची सगळी करामत त्या उघड्या खड्ड्यातच आहे. इथल्या कोळशात गंधक भरपूर. कोळशातल्या आणि आसपासच्या खडकातल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा आणि पाणी मिळालं की सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं. मग काही जिवाणू त्या ॲसिडातच सुखाने नांदतात आणि काम आणखी जोरात चालवतात. एकदा विरजण लागलं की ढवळायलाही कुणी लागत नाही. तुम्ही शिलाँगला बंगला बांधून पोराबाळांची लग्नं उरका, तुमचा हा कारखाना बिनपगारी चालूच राहील. राज्यात असे सुमारे 24,000 खड्डे आहेत. पावसाळ्यात ते भरतात, ओसंडतात, आणि ओढ्यातल्या दगडांवर विटकरी-नारिंगी साका चढतो. तो लोखंडाचा. हात लावलात तर बोटं रंगतील, तेव्हा लांबूनच बघा.

रंगाचीच हौस असेल तर हिवाळ्यात लुखा नदी बघायला जा. शिलाँगहून सिलचरकडे जाताना सोनापूरच्या पुलावर गाडी थांबवा. खाली असं निळंशार पाणी, की मोबाइल काढल्याशिवाय राहवणार नाही. तळ स्वच्छ दिसतो, कारण मध्ये यायला मासे नाहीत. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2012 मध्येच खाणींतल्या ॲसिडकडे बोट दाखवलं होतं. पण लुम्श्नाँगच्या परिसरात सिमेंटचे कारखानेही आहेत, हे तुमचं नशीब. कोळसेवाल्याने सिमेंटकडे बघावं, सिमेंटवाल्याने कोळशाकडे, आणि घोंगडं भिजत ठेवावं. तोवर नदी सीमा ओलांडून बांगलादेशात जाते, तिथे तिचं नाव लुभा होतं, म्हणजे प्रश्न परराष्ट्र खात्याचा.

कोपिली नदीचं उदाहरण तर पाठ करून ठेवण्यासारखं आहे. मेघालयातून ती आसामात जाते आणि उमरांग्सोजवळ तिच्यावर सरकारी जलविद्युत प्रकल्प आहे. खाणींचं आंबट पाणी धरणात उतरलं आणि त्याने टर्बाइन, पाइप, झडपा कुरतडायला घेतल्या. 2019 च्या ऑक्टोबरात तिथली जलवाहिनी फुटून वीजकेंद्रात पाणी घुसलं, त्यात माणसं गेली, आणि केंद्र पुढे काही वर्षं बंदच पडलं. नुकसान सरकारी कंपनीचं, वीज आसामची, नदी देवाची. यात खाणमालक कुठे आला?

दंडाची भीती वाटते? राष्ट्रीय हरित लवादाने 2019 च्या जानेवारीत 100 कोटींचा दंड ठोकला खरा, पण मेघालय सरकारला. पैसे भरायचे ते सरकारने, खाणमालकाने नव्हे. इतका सोयीस्कर दंड दुसऱ्या धंद्यात सापडणार नाही.

बंदीचंही तसंच. याच लवादाने एप्रिल 2014 मध्ये रॅट-होल खाणी बंद केल्या. बंदीला साडेचार वर्षं उलटल्यावर, 13 डिसेंबर 2018 ला क्सान गावच्या अशाच एका खाणीत पाणी घुसलं आणि किमान 15 मजूर आत अडकले. नौदलाचे पाणबुडे आले, कोल इंडियाचे पंप आले, पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सनीही पंप धाडले. उपसा दिवसरात्र चालला, पातळी हटेना. शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणींतलं पाणी आतल्या आत तिकडेच येत होतं. हाती लागले ते दोन मृतदेह. बाकीचे अजून तिथेच आहेत.

तरीही धंदा करायचाच असेल, तर 'आधीच काढून ठेवलेला कोळसा' हे शब्द तोंडपाठ करा. बंदी खणण्यावर आहे, काढून ठेवलेला माल न्यायला मुभा मिळत आली. हा माल वर्षानुवर्षं संपत नाही. उलट कधी ढीगच्या ढीग नाहीसा होतो: 2025 च्या जुलैत मेघालय उच्च न्यायालयाने विचारलं, की मोजून नोंदवलेला सुमारे 4,000 टन कोळसा गेला कुठे? त्यावर राज्याच्या एका मंत्र्यांनी मुसळधार पावसात वाहून गेला असण्याची शक्यता पत्रकारांना बोलून दाखवली. पावसाला काही नोटीस बजावता येत नाही. तेव्हा खाण घेताना कोळशाची प्रत नंतर बघा, आधी पर्जन्यमान विचारा.