'एसीत बसून' लिहिणाऱ्याचं उत्तर

'करदाता' या नावानं लिहिणारे साहेब, नमस्कार.

'ऑपरेशन दोस्त', म्हणजे २०२३ च्या भूकंपानंतर भारतानं तुर्कस्तानात केलेल्या मदतकार्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "आमच्या टॅक्सच्या पैशातून तुर्कस्तानचे ढिगारे उपसले, त्यांनी पाकिस्तानला ड्रोन दिले. खर्चाचा एक आकडा लेखात नाही, हॉस्पिटलचं गावही चुकलंय. एसीत बसून माणुसकीचे डोस पाजू नका."

गाव चुकलं, कबूल. लष्कराचं फील्ड हॉस्पिटल गाझियान्तेपला नव्हतं, हाताय प्रांतात इस्केंदेरूनला होतं. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता एसी. आमचं गाव किल्लारीपासून हाकेच्या अंतरावर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायचे होते. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. भूकंपात माळवद खाली आलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मला काकानं ओढून काढलं, आजोबा आतच राहिले. मग पाऊस लागला. चार-पाच दिवसांनी एका ट्रकमधून ब्लँकेटं वाटली. आमच्या वाट्याचं राखाडी होतं, त्याला डांबरगोळ्यांचा वास होता आणि कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर मास्तरांनाही न वाचता आलेली अक्षरं होती. आई अजून ते गव्हाच्या पोत्यांवर टाकते. कुठल्या देशाचं, आजतागायत कळलेलं नाही. तिथल्याही एखाद्यानं 'आमचा पैसा लातूरला कशाला?' असं विचारलं असेल. विचारू दे. निदान 'डोस' म्हणाला नसावा.

आणि घरात एसी नाही. पंखा आहे, तोही कुरकुरतो.

राहता राहिले ड्रोन. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन उघड पाकिस्तानच्या बाजूनं बोलले, पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं बंद केली. मीही घेतली नाहीत. चीड मलाही येते हो! पण २०२३ च्या फेब्रुवारीत गेलेले एनडीआरएफचे, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, १५१ जण काही मैत्रीचा करार करायला गेले नव्हते. तिथल्या नुरदागी गावात रोमिओ आणि ज्युली या कुत्र्यांनी ढिगाऱ्याखालच्या सहा वर्षांच्या मुलीचा माग काढला. हाडं गोठवणाऱ्या थंडीत, वर स्लॅब लटकत असताना काँक्रीट कापणं सरावाच्या मैदानावर शिकता येत नाही. मार्च २०२५ च्या भूकंपानंतर म्यानमारमधल्या मंडालेलाही हेच दल गेलं. उद्या तुमच्या-माझ्या गल्लीत इमारत बसली तर ते येणारच आहे. याला परतावा म्हणायचं नसेल तर नका म्हणू, माझा आग्रह नाही.

खर्चाच्या आकड्याचं म्हणाल, तर तो लेख होता, ताळेबंद नव्हे. आणि रिटर्न मीही भरतो, एक वर्ष चुकवलेलं नाही.

पुढच्या वेळी खऱ्या नावानं लिहा. प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवीन, एसीसकट.