हसा, काका, हसा

गेल्या शनिवारी तो भाग लागला आणि माझी जखम परत ओली झाली.

वहिनींच्या ओळखीने पास मिळाले होते. मीरा रोडला विनोदी कार्यक्रमाचं शूटिंग. फोन जमा करून टोकन घेतलं आणि दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची पटकावली. लगेच वॉकीटॉकीवाली एक पोरगी आली. "काका, हा शर्ट कॅमेऱ्यात नाचतो." बारीक चौकडी असली की पडद्यावर लहरी उठतात, हे खरं आहे, पण तो इस्त्रीचा, मुंजीला घ्यावा तसा ठेवणीतला शर्ट. त्यावर तिने मला सोंगाड्याचं चमकीचं जाकीट चढवलं. त्या जाकिटात आधीच्या तीन सोंगाड्यांचा घाम होता. शिवाय मी सेहेचाळीसचा आहे. काका कुणाला म्हणते?

मग रिकाम्या रंगमंचाकडे बघून हसायचा हुकूम सुटला. आधी खळखळून, मग मंद, मग "अय्यो" असं. हे तुकडे पुढे एडिटर हवे तिथे चिकटवतो.

माझ्या शेजारचे गृहस्थ यात मुरलेले. महिन्यातून चार शिफ्ट प्रेक्षक म्हणून बसतात, रोजावर. त्यांनी मला शिष्य करून घेतलं.

"विनोदाकडे लक्ष देऊ नका. लक्ष दिलं की हसू येत नाही."

"मग हसायचं कसं?"

"मान मागे टाकायची, तोंड उघडायचं आणि शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारायची. कॅमेऱ्याला हात हलता लागतो."

शेजारी मी होतो.

स्किटमध्ये नवरा साडी नेसून येतो. पुरुषाने पदर घेतला की विनोद झाला, असं आपल्याकडे अजून मानतात. पहिल्या टेकला पदर सुटला, दुसऱ्याला माईक, तिसऱ्याला जिब, म्हणजे कॅमेऱ्याचा लांब दांडा, कुणाच्या तरी डोक्याला लागता लागता राहिला. सात टेक झाले. सात थापा. चौथ्यानंतर मी पाय बाजूला घेतला, तर गृहस्थ दुखावले. "कंटिन्युइटी जाईल हो!" म्हणजे दर टेकला सगळं तसंच दिसायला हवं. मुकाट्याने पाय परत ठेवला.

अमेरिकेत 1950 च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या साउंड इंजिनियरने हशाचं यंत्रच बनवलं होतं. टाइपरायटरसारखी बटणं, हे दाबलं की बायका खिदळणार, ते दाबलं की कुणीतरी गडगडाटी हसणार. ते हसू बरंचसं रेड स्केल्टन या विनोदी नटाच्या टीव्ही कार्यक्रमातल्या मूकाभिनयाच्या वेळचं, कारण तिथे मध्ये संवाद नसत. यंत्राला कुलूप घालून ठेवायचा म्हणे. मला त्या माणसाचा आदर वाटतो. त्याने कित्येक मांड्या वाचवल्या.

सहा तासांत एक समोसा आणि अर्धा कप चहा मिळाला. आणि शेवटी तीच पोरगी येऊन म्हणते, "काका, तुम्ही जरा आडोशाला सरकता? तुमचा फेस थोडा न्यूट्रल आहे." सात टेक मार खाऊन न्यूट्रल! नातेवाइकांच्या तीन ग्रुपवर आधीच कळवून ठेवलं होतं की मी टीव्हीवर येतोय.

तर शनिवारी सगळे टीव्हीपुढे. नवरा साडीत आला, पदर सुटला (म्हणजे पहिलाच टेक वापरला, उरलेल्या सहा थापा फुकट), आणि दोन सेकंद प्रेक्षक दिसले. गृहस्थांची मान मागे, तोंड उघडं. खाली कोपऱ्यात एक गुडघा, त्याच्यावर त्यांचा हात.

बायको पुढे वाकून म्हणाली, "अहो, पँट आपली आहे."