सांडपाणी स्वतःच तयार करावे

स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकीत पीएच.डी. करण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. एम.टेक.चे सोबती मेट्रोच्या कामावर रुजू होऊन घराचे हप्ते फेडू लागतील, तेव्हा आपल्याला 2023च्या सुधारित दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि पुढे 42,000 रुपये विद्यावेतन मिळेल. अर्थात अनुदान वेळेवर आले तर.

विषय निवडताना गावात कोणता प्रश्न आहे, याचा विचार करून डोके शिणवू नये. कागदाच्या डाव्या बाजूला केळीची साल, भाताचे तूस, करवंटी, चिंचोके असा टाकाऊ माल लिहावा, उजव्या बाजूला शिसे, कॅडमियम, क्रोमियम, मिथिलीन ब्लू ही प्रदूषके लिहावीत, आणि जी जोडी अद्याप कोणी छापलेली नाही ती आपली समजावी. केळी आणि शिसे यांचे लग्न केव्हाच लागलेले आहे. फणस आणि निकेल यांची चौकशी करून पाहावी. सालीचा भट्टीत कोळसा करावा, तो दूषित पाण्यात ढवळावा आणि आलेखावर आलेल्या बिंदूंवर कोळसा किती प्रदूषक धरतो हे सांगणारी लँगम्युइर व फ्रॉइंडलिश यांची समीकरणे बसवावीत. शीर्षकात ‘स्वस्त अधिशोषक’ (म्हणजे घाण आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ) हे शब्द हवेतच, कारण भट्टीचे वीजबिल संस्था भरते. धातू शोषून बसलेला तो कोळसा शेवटी टाकायचा कुठे, हा प्रश्न ‘पुढील संशोधनास वाव’ या शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवावा.

संस्थेच्या फाटकाबाहेरून नाला वाहत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये. खरे सांडपाणी अत्यंत बेभरवशाचे असते. सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे, पावसाळ्यातले तर ओळखूही येत नाही, आणि त्यातील साबण, तेल व गाळ आपल्या आलेखाची रया घालवतात. त्यापेक्षा ग्लुकोज, अमोनियम क्लोराइड आणि फॉस्फेट मोजून पाण्यात विरघळवावे व त्याला ‘कृत्रिम सांडपाणी’ म्हणावे. ते कोणाच्याही मोरीतून आलेले नसल्यामुळे त्याला वास येत नाही आणि ते नेहमी आपल्याला हवे तसेच वागते.

प्रदूषण मोजण्यासाठी सीओडीची, म्हणजे पाण्यातील घाण रसायनांनी जाळायला किती ऑक्सिजन लागतो याची, चाचणी करावी. तीत पोटॅशियम डायक्रोमेट, सिल्व्हर सल्फेट, मर्क्युरिक सल्फेट आणि भरपूर सल्फ्युरिक आम्ल नमुन्यासह 150 अंशांवर दोन तास तापवतात. नंतर ब्युरेट या खुणांच्या नळीतून दुसरे द्रावण थेंब थेंब सोडताना निळसर हिरवा रंग एकाएकी विटकरी होतो, आणि तो नेमका आपण घड्याळाकडे पाहत असताना होतो. चमचाभर पाण्याची घाण मोजून झाली, की पारा आणि क्रोमियम असलेले आम्ल हाती उरते. त्याचा कॅन टेबलाखाली सरकवावा. तिथे आधीच्या विद्यार्थ्यांचे कॅन असतातच. बीओडीच्या, म्हणजे तीच घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात हे मोजण्याच्या, बाटल्या मात्र 27 अंशांवर तीन दिवस ठेवाव्या लागतात, म्हणून त्या गुरुवारी ठेवू नयेत, नाहीतर रविवारी प्रयोगशाळेत यावे लागते. जिवाणूंना सुट्टी समजत नाही. गाईडनाही समजत नाही.

शोधनिबंध छापल्याखेरीज प्रबंध सादर करता येणार नाही, ही देशव्यापी सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022च्या नियमांत काढून टाकली आहे. ही बातमी गाईडना सांगण्याच्या भानगडीत पडू नये.

व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी बाहेरचे परीक्षक कदाचित विचारतील, “हा कोळसा खऱ्या नाल्याच्या पाण्यात चालेल का?” अशा वेळी गोंधळून न जाता शेवटच्या प्रकरणाची स्लाइड लावावी. परीक्षक मान डोलावतील, कारण त्यांच्याही प्रबंधाचे शेवटचे प्रकरण हेच होते. शिवाय पावणेदोन वाजलेले असतात, आणि शेजारच्या खोलीत मांडलेल्या जेवणात गुलाबजाम आहेत हे त्यांना ठाऊक असते, कारण त्यांची आवड आपण आदल्या दिवशी फोन करून विचारून घेतलेली असते.