प्रेक्षक मोजायचा तर वयाने मोजा

मराठी सिनेमाला गर्दी का होत नाही, हा वाद आपल्याकडे तिकिटाचा दर आणि प्राइम टाइम यांच्यापलीकडे जात नाही. २०१५ साली शासनाने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी मराठी खेळ लावायला सांगितले, विरोध झाल्यावर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल केली. पण कोणत्या वयाचा माणूस कोणत्या खेळाला येतो? इथे फ्रान्समध्ये चर्चा तिथूनच सुरू होते.

सीएनसी ही राष्ट्रीय सिनेसंस्था दर वर्षी प्रेक्षकांची वयवार आकडेवारी छापते. आठवड्याला येणारे, महिन्याला येणारे आणि क्वचित येणारे वेगळे मोजते. १९९२ मध्ये वर्षाची तिकीटविक्री सुमारे ११.६ कोटींवर घसरली होती. २०१९ मध्ये ती २१.३ कोटी झाली. या काळात पन्नाशीपुढच्यांचा वाटा खूप वाढला. ही मंडळी उतारवयात अचानक सिनेमाकडे वळली नाहीत, तरुणपणीची सवय सोबत घेऊन आली. म्हणून एकाच वर्षाच्या टक्क्यांवर विसंबू नये. तरुण घटले की एकही जादा तिकीट न विकता ज्येष्ठांचा टक्का फुगतो. त्यापेक्षा प्रत्येक वयोगटात माणशी वर्षाला किती तिकिटे, ते मोजावे, आणि आजच्या विशीतल्यांना दहा वर्षांनी तिशीत पुन्हा गाठावे. वयाचा परिणाम कोणता आणि पिढीचा कोणता, ते तेव्हाच कळते.

सवय लावण्याचे काम इथे शाळेपासून होते. १९९४ पासूनच्या 'एकोल ए सिनेमा' योजनेत प्राथमिक शाळेची मुले शाळेच्या वेळेत थिएटरात जाऊन वर्षाला साधारण तीन सिनेमे पाहतात. २०१४ मध्ये तिकिटावरचा व्हॅट ५.५ टक्क्यांवर आला, तेव्हा थिएटरचालकांनी त्याच्या जोडीला १४ वर्षांखालच्यांसाठी ४ युरोंचे तिकीट सुरू केले. करातली सूट थेट मुलांपर्यंत पोचली, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी ५ टक्के झाला तो १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर. त्यापुढे १८ टक्के कायम. शहरी मल्टिप्लेक्समध्ये दोन मुलांना घेऊन गेलेल्या आईबापांना त्याचा फारसा उपयोग नाही.

ज्येष्ठांना तर प्राइम टाइम नकोच असतो. त्यांना हवा मंगळवार-बुधवारचा दुपारी दोनचा खेळ, पाचच्या आत सुटणारा, म्हणजे गर्दीआधी घर गाठता येते. पायऱ्यांच्या कडेला दिवे हवेत, लिफ्ट चालू हवी आणि मध्यंतर पंधरा मिनिटांचे हवे. हा खेळ एका आठवड्यात उतरवला तर तो लागल्याचे कळेपर्यंत गेलेला असतो. निदान तीन महिने एकाच वारी, एकाच वेळी ठेवावा लागेल.