त्या बिघडलेल्या चार मिनिटांबद्दल

शो संपवून बाहेर पडताना मैत्रीण म्हणाली, "मधली ती चार मिनिटं सोडली, तर अगदी रेकॉर्डसारखं वाजलं गं!" तिच्या दृष्टीनं हे कौतुक होतं. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य आठवडाभर दातात अडकलेल्या तुसासारखं सलतंय, म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगते.

झालं असं. (बँडचं नाव लिहीत नाही. त्यांचा काही मोठा गुन्हा नाही, आणि त्यांचे चाहते कमेंटमध्ये येऊन माझी शाळा घेतील.) शेवटून तिसरं गाणं चालू होतं. मागे भलामोठा पडदा, त्यावर ढग वगैरे सरकतायत. पहिला अंतरा संपला, आता कोरस येणार, आणि एकदम आवाज पातळ झाला. बंद नाही पडला, पातळ झाला. व्हायोलिनांचा ताफा गेला, मागून साथ देणारे वीसेक गळे गेले, ढग गेले. उरले चौघं. गायिका, गिटार, बास, ड्रम. हे चौघं दीड तास तिथेच होते, पण मला खऱ्या अर्थानं दिसले ते तेव्हा.

ड्रमरनं कानातला इयरफोन उपसून खांद्यावर टाकला आणि गायिकेकडे बघितलं. तिनं नुसती मान हलवली. दोघांनी मिळून लय किंचित खाली आणली, आणि गिटारवाला, जो इतका वेळ व्हायोलिनांखाली गाडला गेला होता, तो चक्क गाणं पेलायला लागला. कोरस कोण म्हणणार हा प्रश्नच होता, तो आम्ही म्हटला. चारेक मिनिटांनी कॉम्प्युटर शुद्धीवर आला, ढग परतले आणि शो पुढे निघाला, आदल्या शोला निघाला असेल तसाच. दुसऱ्या दिवशी बँडनं तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगिरीची पोस्ट टाकली.

दिलगिरी कसली मागता? माझं तिकीट त्या चार मिनिटांत वसूल झालं.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. मोठ्या शोमध्ये हल्ली ड्रमरच्या कानात सतत टिकटिक वाजत असते, तिला क्लिक म्हणतात. त्याच कॉम्प्युटरवरून आधी रेकॉर्ड केलेले बॅकिंग ट्रॅक सुटतात: तंतुवाद्यं, जादाचे गळे, कधीकधी मुख्य गळ्याला टेकू द्यायला त्याच गायकाचा आवाज. आणि त्याच घड्याळाला दिवे, पडद्यावरचे व्हिडिओ, धूर, आतषबाजी सगळं बांधलेलं असतं. तिसऱ्या कोरसच्या पहिल्या ठोक्याला लाल दिवा ठरला म्हणजे ठरला. मग गाणं एखाद्या रात्री कितीही रंगलं तरी चार आवर्तनं वाढवायची सोय नाही, कारण तेवढ्यात दिवा निळा होऊन बसेल. वन्स मोअर द्यायचा तर कुणाला देणार, सर्व्हरला?

याला मी फसवणूक म्हणत नाही. स्टेडियमच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही काहीतरी दिसायला आणि ऐकू यायला हवं, आणि तो डोलारा अंदाजपंचे चालत नाही. शिवाय रेकॉर्ड पाचशे वेळा ऐकून आपल्याला गायकाचा प्रत्येक श्वास पाठ झालेला असतो. तो श्वास चुकला की घरातलं कपाट कुणीतरी हलवल्यासारखं वाटतं. हे मलाही होतं. पण रेकॉर्डसारखं वाजणं ही सगळ्यात वरची पायरी कधीपासून झाली?

मला वाटतं, या गोष्टीची सुरुवात बीटल्स या इंग्लिश बँडपासून करायला हवी. 15 ऑगस्ट 1965, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, पंचावन्न हजारांवर माणसं. बँडकडे शंभर-शंभर वॉटचे अँप्लिफायर, आणि गळे जात होते स्टेडियमच्या घोषणांच्या भोंग्यांतून. आपण काय वाजवतोय ते ऐकायला स्टेजवर मॉनिटर स्पीकर नाहीत. किंकाळ्यांचा पाऊस. मागे बसलेला ड्रमर रिंगो पुढच्या तिघांच्या पाठी बघून गाणं कुठवर आलंय याचा अंदाज घ्यायचा. पुढच्या वर्षी तर गंमतच: 'रिव्हॉल्व्हर' अल्बम नुकताच आलेला, आणि अमेरिकेच्या दौऱ्यात त्यातलं एकही गाणं नाही. उलट्या फिरवलेल्या टेप आणि आठ तंतुवाद्यांचा ताफा घेऊन स्टेजवर जाणार कसे? 29 ऑगस्ट 1966 ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला, आणि पुढच्या वर्षी 'सार्जंट पेपर' आला. चार ट्रॅकच्या मशीनवर, थरावर थर चढवून. रेकॉर्डला स्टेजचं काही देणं लागेनासं झालं. उत्तम झालं. माझी तक्रार पुढच्या पन्नास वर्षांबद्दल आहे, ज्यांत स्टेज बिचारं त्या रेकॉर्डच्या मागे धापा टाकत पळत राहिलं.

पिंक फ्लॉइड या बँडनं नेमकं उलटं केलं होतं, हे लोक विसरतात. 'द डार्क साइड ऑफ द मून' आला मार्च 1973 मध्ये, पण 1972 च्या सुरुवातीपासूनच ते तो अख्खाच्या अख्खा स्टेजवर वाजवत होते. त्या वेळच्या रेकॉर्डिंगा ऐका. सिंथेसायझरचा तो धावता भाग अजून जन्मलेलाच नाही, तिथे गिटार-कीबोर्डची साधी झटापट आहे. आणि गायिका क्लेअर टोरीचा तो शब्दांवाचूनचा आक्रोश, ज्याच्यासाठी निम्मं जग ही रेकॉर्ड काढतं, तोही नाही. तिथे ऑर्गन आणि बायबलमधले उतारे! मला ते रटाळ वाटतं, खरं सांगते. पण वर्षभर लोकांसमोर घासल्यामुळे कुठे सैल पडतंय ते त्यांना कळलं असणार, आणि जानेवारी 1973 मध्ये टोरी स्टुडिओत येऊन गायली. तो अल्बम इतका घट्ट आहे, त्यात एक सेकंद फालतू नाही, याचं श्रेय मी स्टुडिओइतकंच त्या कच्च्या रात्रींना देते. त्या प्रेक्षकांना कुणी "रेकॉर्डसारखं हवं" म्हणायची सोयच नव्हती. रेकॉर्ड होतीच कुठे?

आता माझं लाडकं उदाहरण. इथे मी जरा वाहवणार आहे.

फ्लीटवुड मॅक या बँडचा 'रूमर्स' अल्बम, 1977. बँडमधल्या जोड्या एकेक करून मोडत होत्या आणि ती मंडळी एकाच स्टुडिओत एकमेकांवर गाणी लिहीत होती. गायिका स्टीव्ही निक्सनं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' लिहिलं, बँडचा गिटारवाला आणि तिचा नुकताच दुरावलेला जोडीदार लिंडसी बकिंगहॅम याला उद्देशून. गाणं संथ आणि लांब. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण बावीस मिनिटं मावतात, त्याहून जास्त कोंबलं तर आवाज दबतो. म्हणून हे गाणं कापलं गेलं. वर कहर म्हणजे ते टाकलं कुठे, तर 'गो युवर ओन वे'च्या सिंगलच्या (एका गाण्याच्या छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूला, म्हणजे बकिंगहॅमनं तिच्यावर लिहिलेल्या गाण्याच्या पाठीला. तिचं उत्तर त्याच्या तक्रारीच्या पाठीला चिकटवलेलं. असं कुणी कथेत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

वीस वर्षांनी, 1997 मध्ये, हे लोक पुन्हा एकत्र आले आणि 'द डान्स' हा लाइव्ह अल्बम आणि व्हिडिओ केला. त्यातलं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' तुम्ही पाहिलं नसेल तर ही पोस्ट इथेच सोडा आणि ते बघून या. शेवटाकडे निक्स माइक न सोडता त्याच्याकडे वळते. तो गिटार वाजवत तिच्या जोडीनं गातोय. तीच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा, आणि तिची नजर हलत नाही. स्टुडिओतली आवृत्ती मी आधी ऐकली होती; सुंदर, तलम, उदास आहे. 1997 मध्ये तिचा आवाज खाली उतरलाय, खरखरीत झालाय, वरचे स्वर ती वळसा घालून घेते. आवाज वीस वर्षांनी जुना झाला होता, राग झाला नव्हता.

हो, माहीत आहे. तिथे कॅमेरे होते, तालमी झाल्या होत्या, आपण काय करतोय हे दोघांनाही पक्कं ठाऊक असणार. असू दे की. तालीम करून कुणी असं बघू शकत असेल तर तेही मला मान्य आहे.

'लाइव्ह' अल्बमच्या नावाखाली लबाड्याही कमी नाहीत. अमेरिकन गायक जॉनी कॅशचा फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायलेला अल्बम, 13 जानेवारी 1968 चा. पहिल्याच गाण्यात माणूस मारल्याची ती कुप्रसिद्ध ओळ येते आणि कैदी आरोळी ठोकतात. कितीतरी वर्षं त्या आरोळीवर माझ्या अंगावर काटा यायचा. मग कळलं, ती आरोळी नंतर जोडलेली. पहारेकऱ्यांच्या देखत त्या ओळीला दाद देण्याइतके कैदी मूर्ख नव्हते. दिवसभर फसवल्यासारखं वाटलं. नंतर पुन्हा ऐकला तेव्हा लक्ष गेलं ते दुसरीकडे: मध्येच तुरुंगाच्या स्पीकरवरून कुणा कैद्याचा पुकारा होतो, ते. ते कुणी जोडलेलं नाही. आता मी त्यासाठी ऐकते.

आणि "रेकॉर्डसारखं" म्हणजे तरी कोणत्या? मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा 2008 चा 'डेथ मॅग्नेटिक' घ्या. आवाज मोठा वाटावा म्हणून इतका दाबून ठासलेला की ड्रमचे फटके चिरकतात. त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली आवृत्ती जास्त मोकळी निघाली, आणि चाहत्यांनी अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून हजारो सह्यांचा अर्ज केला. खेळण्यातलं गाणं बरं आणि सीडीतलं वाईट! तसं वाजवायचं असेल तर स्टेजवर न आलेलं बरं.

उलट टोकाचाही मला त्रास होतो, लपवत नाही. बॉब डिलन स्टेजवर आपलीच गाणी इतकी मोडून-तोडून गातो की अर्धा अंतरा झाल्यावर लोक एकमेकांना विचारतात, हे कुठलं? दाद द्यावीशी वाटते, पण गावंसं वाटत नाही. मला गाणं ओळखता यायला हवं, आणि तरी पुढच्या ओळीला काय होईल याची धाकधूक हवी. मागणं जास्त आहे, कबूल.

जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटच्या जर्मनीतल्या कोलोनच्या मैफिलीत, 24 जानेवारी 1975 ला, ती धाकधूक पियानोनंच पुरवली. मागवलेला पियानो आलाच नाही, मिळाला तो छोटा, वरचे स्वर पत्र्यासारखे, खालचे पोकळ. जॅरेट मग मधल्या पट्टीत मुक्काम ठोकून डाव्या हातानं तेच तेच घोळवत राहिला. सोलो पियानोच्या इतिहासातल्या सगळ्यात खपलेल्या रेकॉर्डमध्ये ती मोडते. चांगल्या पियानोवर काय वाजलं असतं कोण जाणे, पण हे नसतं वाजलं.

आणि मोठ्या, घड्याळावरच्या शोमध्ये खिडकी ठेवता येत नाही असं कुणी म्हणू नये. टेलर स्विफ्टची मी काही भक्त नाही. पण मार्च 2023 ते डिसेंबर 2024 या काळातल्या तिच्या दौऱ्यात 149 शो, प्रत्येक तीन तासांहून मोठा, सगळं मिनिटामिनिटाला आखलेलं. आणि त्यात रोज रात्री एक जागा अशी, जिथे ती एकटी गिटार नाहीतर पियानो घेऊन आधी न सांगितलेली गाणी म्हणणार. जगभरचे चाहते रात्र जागवून आज कोणती येतात ते बघत बसायचे. ढग आणि लाल दिवे बघायला नाही कुणी जागलं.

फोनबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण. इंग्लिश गायिका केट बुश 1979 च्या दौऱ्यानंतर तब्बल 35 वर्षांनी, 2014 मध्ये, लंडनला 22 शो करायला उभी राहिली आणि तिनं आधीच विनंती केली, कृपा करून फोन काढू नका. परवा माझ्या पुढच्या माणसानं तीन गाणी अख्खी पडद्यातून बघितली, आणि मी ती त्याच्या पडद्यातून बघितली. त्याच्या हाताला कळ कशी लागत नव्हती, हे मला अजून कोडं आहे.

तर ती चार मिनिटं. घरी आल्यावर मी ती शोधायला बसले. फोन तर शेकड्यांनी वर होते, कुणीतरी टाकलं असणार. त्या गाण्याच्या बऱ्याच क्लिप सापडल्या, आणि सगळ्या एकाच ठिकाणी संपतात: आवाज पातळ होतो, पडदा काळा होतो, आणि हात खाली येतो. शो बंद पडला समजून लोकांनी रेकॉर्डिंग थांबवलं. पुढच्या क्लिप सुरू होतात त्या थेट ढग परत आल्यावर.

एकच वेगळी मिळाली. कुणीतरी फोन बंद न करताच खिशात टाकलाय. पडदा पूर्ण अंधारा, कापडाची खसखस, आणि त्यामागून अकरा सेकंद आमचा कोरस. सगळे अर्ध्या सुरानं उतरलेले. लय पळतेय, ड्रमर तिला मागे ओढतोय, ते स्पष्ट ऐकू येतं.

मैत्रिणीला पाठवली. तिचं उत्तर आलं, "यात काहीच दिसत नाहीये."

मी उतरवून ठेवलीये.